आठ आणे शॉर्ट

मराठी माणसाच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन शेवटी ठेवतात. त्यामागे काही शास्त्र असावं असं मला लहानपणी वाटायचं. मोठेपणी कळलं, की त्यामागे चहा असतो. प्रमुख पाहुण्यांचं भाषण संपतं, मागून कपबशांचा आवाज यायला लागतो, निम्मं सभागृह उठून चपला शोधू लागतं, आणि नेमक्या त्या क्षणी एक गृहस्थ माइकपाशी येऊन "यांचे आभार मानून मी त्यांच्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही" असं सांगतो. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे वाक्य फार ओळखीचं वाटतं. ऋणातून मुक्त होऊ न इच्छिणारी माणसं आमच्याकडे रोज येतात. आम्ही त्यांना नोटिसा पाठवतो.

तो माइकपाशी येणारा गृहस्थ बहुधा मीच असतो. मी बँकेत लिपिक आहे, तेव्हा माझ्या हातून मोजणीत काही सुटणार नाही, अशी लोकांची एक गोड समजूत आहे. मंडपवाला, माइकवाला, सतरंज्यावाला, समोसेवाला, झालंच तर 'ज्ञात-अज्ञात हात', सगळे माझ्या यादीत असतात. गल्लीतल्या गणपतीपासून सहकाऱ्यांच्या निरोपसमारंभापर्यंत मी इतके आभार मानलेत, की उद्या माझे आभार मानायची वेळ आली तर तेही काम लोक माझ्याकडेच देतील. आणि तरीही गेल्या नोव्हेंबरात माझ्या हातून एक एंट्री अशी सुटली, की तिच्यापायी पस्तीस वर्षांपूर्वीचं एक खातं पुन्हा उघडावं लागलं. त्याची ही हकिगत.

मी राहतो गुलमंडीवर. औरंगाबादची, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरची, गुलमंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना एवढंच सांगतो, की दिवाळीच्या आदल्या आठवड्यात इथं एक पाय उचलला तर तो परत टेकायला जागा मिळेल याची हमी कुणी देत नाही. पैठणगेटकडून टिळकपथ आपली सगळी गर्दी इथं आणून ओततो, सिटीचौकाकडून येणारी गर्दी तिला येऊन मिळते आणि मध्ये आम्ही राहतो. इथला प्रत्येक पत्ता सुपारी हनुमानापासून सुरू होतो. माझाही होतो. आता मी ख्रिस्ती. वडील जालन्याहून इथल्या एका कापडदुकानात हिशेब लिहायला आले, दुकानाच्या मागच्या वाड्यात दोन खोल्या मिळाल्या, आणि आम्ही तिथलेच झालो. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर विवाहस्थळ 'छावणीतील चर्च' आणि वराचा पत्ता 'सुपारी हनुमानाजवळ' असं वाचून मुलीच्या मामांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली होती. वाड्याच्या मालकीणबाई, म्हणजे आमच्या काकू, दिवाळीत आमच्याकडे चकल्या पाठवतात आणि नाताळात आम्ही त्यांच्याकडे. चकली तीच, नुसता सण बदलून परत जाते.

तर अशा या गुलमंडीवरून दर रविवारी सकाळी मी स्कूटर काढतो. औरंगपुरा, मिल कॉर्नर, बारापुल्ला दरवाजा, खाम नदी ओलांडून छावणी. तिथं चर्चच्या मागच्या खोलीत मी शब्बाथशाळा घेतो. शब्बाथशाळा म्हणजे संडे स्कूल. मोठी माणसं आत उपासनेला बसण्याआधी लहान मुलांना गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणून घ्यायची, एखादं वचन पाठ करून घ्यायचं आणि तासभर कुणाचं डोकं फुटू द्यायचं नाही. यातलं शेवटचं काम सर्वांत आध्यात्मिक आहे. त्याला प्रार्थना लागते.

यात मी पडलो कसा, हे सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी बाई पासबुक भरून घ्यायला आमच्या शाखेत आल्या. बाई म्हणजे आमच्या शब्बाथशाळेच्या बाई. त्यांना नाव आहे, पण ते फक्त बँकेला आणि कोषागाराला माहीत आहे. बाकी सगळ्यांना त्या बाईच. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी नोकरी केली, आणि रविवारी, जेव्हा इतर मास्तर झोपा काढतात, तेव्हा त्या शब्बाथशाळा घेत आल्या. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो.

पासबुक घेता घेता त्या म्हणाल्या, "गुडघ्याचं ऑपरेशन आहे रे. दोन रविवार येशील का? लहानांच्या वर्गाला?"

मी म्हटलं, "बाई, मला कुठं शिकवता येतं?"

"शिकवायचं नाहीये. बसायचंय."

मी हो म्हटलं. ते दोन रविवार अजून संपलेले नाहीत. बाई ऑपरेशन करून सहा आठवड्यांत परत आल्या, मोठ्या मुलांच्या वर्गाला लागल्या आणि लहानांकडे वळून पाहीनात. माझी बायको आता कुठल्याही कामाला किती वेळ लागेल असं विचारताना "खरे दोन दिवस, की बाईंचे दोन रविवार?" असं स्पष्ट करून घेते.

मी औरंगपुऱ्यातल्या सरस्वती भुवनचा बी.कॉम. असल्यामुळे, जे काम फुकट करतो त्याची निदान पूर्वपीठिका तरी तपासावी म्हणून थोडं वाचन केलं. रविवारच्या शाळेची चाल पसरली ती रॉबर्ट रेक्स नावाच्या गृहस्थामुळे. इंग्लंडात ग्लॉस्टर गावी त्याचं वर्तमानपत्र होतं. आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेली गरिबांची पोरं रविवारी गल्लीत हुंदडतात आणि शिव्या देतात, हे पाहून त्यानं १७८० साली त्यांच्यासाठी शाळा काढली. सुट्टी एकच, म्हणून शाळा त्या दिवशी. लिहा-वाचायला शिकवायचं आणि पुस्तक म्हणून बायबल घ्यायचं. शिकवायला त्यानं बायका नेमल्या आणि त्यांना दिवसाला एकेक शिलिंग दिलं.

हे शिलिंग वाचून मी सरळ बसलो. म्हणजे मुळात या कामाला पगार होता! पुढे हेच काम फुकट करणारी माणसं मिळत गेली आणि खर्चाचं ते खातं बंद झालं. मी लगेच बाईंचा हिशेब काढला. वर्षाला बावन्न रविवार, पन्नास वर्षं धरली तर सव्वीसशे रविवार. सव्वीसशे शिलिंग म्हणजे एकशे तीस पौंड. हा आकडा मी बाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, "आणि पोरांनी फोडलेल्या काचा वजा केल्यास का?"

आपल्याकडेही ही जात जुनी आहे. सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईला आली, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली; सावित्रीबाई फुले शिक्षिका व्हायचं शिकल्या त्या याच बाईंकडे. रतनजी नौरोजी हे मूळचे पारशी पाळक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आमच्या औरंगाबादेतच काम करत होते. अमेरिकन मराठी मिशननं १८७२ साली 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक काढलं, आणि रेव्हरंड टिळकांसारख्या कवीनं त्यात मुलांसाठी लिहिलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना मला तर नेहमी वाटतं, की या घरात स्वतःच्या मुलांपेक्षा दुसऱ्यांची मुलंच जास्त जेवत असावीत. बालकवी ठोंबरेही त्यांतलेच.

हे सगळं मी एकदा वाड्यात काकांना सांगत होतो. काका, म्हणजे काकूंचे यजमान, तरुणपणी साने गुरुजी कथामालेत गोष्टी सांगायचे. गुरुजी १९५० साली गेले आणि त्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी ही कथामाला सुरू केली; गावोगाव माणसं पदरचा वेळ काढून मुलांना गोष्टी सांगू लागली. काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला पोरं थँक्यू म्हणतात का?"

"नाही."

"आम्हालाही नाही म्हणाली," काका समाधानानं म्हणाले. "म्हणजे बरोबर चाललंय."

काकांचं म्हणणं खरं आहे. मुलं आभार मानत नाहीत. ती प्रश्न विचारतात. नोहाच्या तारवाची गोष्ट सांगत होतो. चाळीस दिवस, चाळीस रात्री पाऊस पडला, असं मी हात वर करून, आवाज चढवून सांगितलं. आमच्या शहरात नळाला पाणी आलं की गल्लीत आरोळी उठते आणि लोक हातातला घास ठेवून धावतात. त्या गावातल्या मुलांना या गोष्टीची भीती कशी वाटावी? एक चिमुरडी म्हणाली, "सर, मग त्यांनी आधी टाक्या नाही भरल्या?" दुसरा म्हणाला, "आमच्याकडं असतं तर पप्पांनी आधी मोटर लावली असती." पुढचा अर्धा तास कुणाच्या घरी किती लिटरची टाकी आहे यावर वर्ग चालला. तारू तिथंच राहिलं.

तरीही मी रविवार चुकवत नाही, आणि त्याचं कारण सांगायला मला जरा संकोच वाटतो. आठवड्याचे बाकीचे दिवस माझ्यासमोर जी माणसं येतात ती माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या हातातल्या नोटांकडे बघतात. यंत्रानं मोजलेल्या नोटा पुन्हा मोजतात, मला ऐकू येईल अशा बेतानं मोजतात आणि जातात. त्यांचंही बरोबर आहे. मीही दुसऱ्याच्या काउंटरवर तेच करतो. पण रविवारी वीस-पंचवीस पोरं, मी स्कूटर लावतोय तोवर, आपल्या बातम्या घेऊन धावत येतात. दात पडला. मांजर व्याली. आजोबा दवाखान्यात आहेत. आई मामाकडं गेली आणि अजून आली नाही. ही शेवटची बातमी सांगणारं पोर सगळ्यात जोरात हसतं. अशा वेळी त्याला जवळ बसवून घ्यायचं आणि काही विचारायचं नाही, एवढं मला अकरा वर्षांत आलं. बी.कॉम.ला हा पेपर नव्हता.

आता ते जुनं खातं.

१९८९ साली मी नऊ वर्षांचा होतो. शब्बाथशाळा संपली की सतरंज्या गुंडाळायचं काम माझ्याकडे होतं. बाई टेबलावर दानाचा डबा उपडा करत. दूध पावडरचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेली. त्यातल्या दहा-वीस पैशांच्या, चार आण्यांच्या, आठ आण्यांच्या चळती लावत, बेरीज वहीत लिहीत आणि ते पैसे पाळकसाहेबांकडे नेऊन देत. त्या रविवारी त्यांना कुणीतरी दारातून हाक मारली. त्या वळल्या, आणि मी आठ आण्यांच्या चळतीवरचं एक नाणं उचललं.

का उचललं, याचं उत्तर मिल कॉर्नरला होतं. तिथं गोळेवाला उभा राही. काला खट्टा आठ आणे. दर रविवारी चालत घरी जाताना मी त्या गाडीवरून जायचो आणि दर रविवारी माझ्याकडे आठ आणे नसायचे.

बाई परत आल्या. पाळकसाहेबांकडे न्यायच्या आधी पैसे पुन्हा मोजायची त्यांची सवय होती. एकदा मोजले. दुसऱ्यांदा मोजले. तिसऱ्यांदा मोजले. मी सतरंजीची घडी इतकी मन लावून घालत होतो, की तशी घडी मी पुन्हा आयुष्यात घातलेली नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पर्स उघडली, काहीतरी काढून ठेवलं, वहीत लिहिलं आणि निघून गेल्या. गोळा मी खाल्ला. बरा होता.

पुढच्या रविवारी वर्ग संपल्यावर बाईंनी मला हाक मारली. माझे पाय पंचक्की फिरावी तसे फिरले. बाईंनी डबा माझ्यासमोर ठेवला, वही ठेवली आणि म्हणाल्या, "आजपासून डबा तू मोजायचा. माझे डोळे दुखतात."

मी वही उघडली. आधीच्या रविवारच्या ओळीत बेरजेखाली लिहिलं होतं: तूट पन्नास पैसे. भरली.

मी पुढची सहा वर्षं तो डबा मोजला. एकदाही शॉर्ट गेला नाही. बँकेत गेल्यावर मला कळलं, की कॅशमध्ये तूट आली तर ती कॅशियरनं आपल्या खिशातून भरायची असते, आणि त्या दिवशी तो कॅशियर घरी जाऊन मुलांवर ओरडतो. एकदा माझी दोन हजारांची तूट आली, ती भरताना मला बाईंची पर्स आठवली. पण त्यांना ते आठ आणे माहीत होते का? म्हणजे तूट माहीत होती, पण मी माहीत होतो का? हे मी पस्तीस वर्षांत विचारलं नाही. विचारायला पासबुक भरताना वेळ नसतो आणि चर्चमध्ये माणसं असतात. शिवाय प्रश्न आठ आण्यांचा. माणूस लाखाची चूक कबूल करतो, आठ आण्यांची करायला जीभ उचलत नाही.

आणि गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२४ साली, संधी चालून आली. बालदिनाच्या पुढच्या रविवारी शब्बाथशाळेचा वार्षिक दिवस होता. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्या होत्या, आता थांबणार होत्या. पंचकमिटीनं ठरवलं, शिकवणाऱ्या सगळ्यांचे, विशेषतः बाईंचे, जाहीर आभार मानायचे. आभार कुणी मानायचे याबद्दल कमिटीत चर्चासुद्धा झाली नाही.

मी तयारी जोरात केली. दोन कागद लिहिले. आठ आण्यांची गोष्ट सांगायची ठरवलं. नुसती सांगायची नाही, तर आठ टक्के चक्रवाढ व्याजानं पन्नास पैशांचे पस्तीस वर्षांत सात रुपये एकोणचाळीस पैसे होतात हेही सांगायचं, म्हणजे लोक हसतील आणि हसताना मला घसा साफ करता येईल. आदल्या रविवारी मुलांना गोष्टही विषयाला धरून सांगितली. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आणि आभार मानायला परत आला एकच.

"म्हणजे वसुली दहा टक्के," मी म्हणालो. हे मुलांना कळलं नाही.

"बाकीचे नऊ कुठं गेले सर?" एका मुलीनं विचारलं.

"घरी गेले असतील."

"थँक्यू म्हणायला विसरले?"

"हो. माणसं विसरतात. आपण विसरायचं नाही."

कार्यक्रमाला उशीर झाला. मुलांच्या नाटकात एका मेंढीला झोप लागली आणि तिला स्टेजवरून उचलून न्यावं लागलं. पाहुणे पंचेचाळीस मिनिटं बोलले. माझी पाळी आली तेव्हा समोशांचा वास माझ्याआधी सभागृहात पोहोचला होता. पाळकसाहेबांनी माझ्या कानात "दोनच मिनिटं" म्हणून सांगितलं. मी खिशात हात घातला आणि यादीचा कागद निघाला. बाईंचे दोन कागद दुसऱ्या शर्टाच्या खिशात गुलमंडीवर खुंटीला लटकत होते. मी यादी धडाधडा वाचली. पाहुणे, पालक, मंडपवाला, माइकवाला, समोसेवाला, मेंढ्यांसाठी कापूस देणारं दुकान, ज्ञात-अज्ञात हात. टाळ्या झाल्या. लोक उठले.

स्कूटर बारापुल्ला दरवाजातून बाहेर पडली आणि मी ब्रेक मारला. बायको पाठीवर आदळली.

"काय झालं?"

"बाई राहिल्या."

"अहो, त्या रिक्षानं गेल्या मघाशीच."

"तशा नाही," मी म्हटलं. "आभारात राहिल्या."

त्या रात्री मी जेवलो नाही, हे खोटं होईल. जेवलो. पण कापूस देणाऱ्या दुकानाचं नाव घेतलं आणि बाईंचं नाही, हे दर घासाला आठवत होतं. नऊ जण घरी गेले होते, त्यात मी दहावा मिसळलो होतो.

नोव्हेंबर हा आमच्या शाखेत पेन्शनरांचा महिना. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सिद्ध करायचं असतं. घरबसल्या मोबाइलवरही आता ते करता येतं, पण आमच्याकडे कोषागारातून यादी येते आणि मंडळी येऊन आपल्या नावापुढं सही करतात. त्यांना ते आवडतं. वर्गमित्र भेटतात, यादीत कोण राहिलं, कोण गेलं हे पाहता येतं. समोर धडधडीत उभ्या असलेल्या माणसाला "आपण हयात आहात ना?" असं कागदावरून विचारणारा मी एकटाच इसम त्या इमारतीत असतो.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या. रांगेतून हळूहळू, काठी टेकत. मी यादीत त्यांचं नाव काढलं, पेन दिलं. त्यांनी सावकाश सही केली. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं, गोल. मी खालच्या आवाजात म्हणालो, "बाई, त्या दिवशी आभारात तुमचं नाव राहिलं."

"हो का?" बाई म्हणाल्या. "मी ऐकत नव्हते. ती मेंढी उठली का शेवटी?"

"उठली." मागून एका रिटायर्ड तलाठ्यांनी खाकरून रांगेची आठवण दिली. पण आता थांबलो तर पुढचा नोव्हेंबर, आणि पुढचा नोव्हेंबर कुणाच्या यादीत आहे, हे मी या खुर्चीवर बसून कसं सांगणार? मी एका दमात म्हणून टाकलं, "बाई, एकोणनव्वद सालचे ते आठ आणे मी घेतले होते."

बाईंनी चष्मा वर केला. "कुठले आठ आणे?"

"डब्यातले. तूट पन्नास पैसे. तुम्ही भरली होती."

"अरे ते होय." बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मला माहीत होतं की. मी रिक्षातून चालले होते, मिल कॉर्नरला तू गोळा चोखायला उभा होतास. अर्धा शर्ट जांभळा. मी म्हटलं, ह्याची आई ह्याला आता धुणार."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"बोलून आठ आणे परत आले असते? गोळा संपला होता." मग त्यांना काहीतरी आठवलं. "त्या तुझ्या वर्गातल्या पोराचं काय झालं? बिस्किटं पळवायचा तो?"

हे एक राहिलंच सांगायचं. आमच्या लहानांच्या वर्गात एक पोरगा आहे. त्याच नऊ वर्षांचा. मुलांच्या खाऊसाठी आणलेल्या बिस्किटांच्या पुड्यांतले एकदोन दर रविवारी कमी व्हायचे, आणि मी तीन आठवड्यांपूर्वी त्याला सगळ्यांसमोर खिसे उलटे करायला लावले होते. तेव्हापासून तो आला नव्हता. हे मी बाईंना मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, वर्गात शिस्त आणली म्हणून.

"येत नाही तो," मी म्हणालो.

"मग जाऊन आण," बाई म्हणाल्या. "आणि कपाटाची किल्ली त्याच्याकडे दे."

"बाई, रांग आहे!" तलाठी म्हणाले.

"हो बाबा, झालंच." बाईंनी पेन मला परत दिलं. "आणि ते आभाराचं डोक्यातून काढून टाक. आधी माणूस नको का जायला? मी सही केली ना आत्ता?"

त्या गेल्या. माझ्या खिशात सकाळपासून सात रुपये एकोणचाळीस पैशांऐवजी दहाची नोट तयार होती. एकोणचाळीस पैसे आता कुठून आणणार? ती नोट तशीच राहिली. तलाठ्यांनी सही करताना मला विचारलं, "डोळ्यात काय गेलं?" मी म्हटलं, "कापूस."

शनिवारी संध्याकाळी मी छावणीत त्या पोराच्या घरी गेलो. तो मला पाहून पलंगाखाली गेला. आजी म्हणाली, "त्याची आई गावाकडं असतीय सर, त्याला सकाळी कुणी खायला देत न्हाई लवकर." मी अकरा वर्षं मुलांच्या बातम्या ऐकत होतो, पण ही बातमी त्यानं मला कधी सांगितली नव्हती. खिसे उलटे करायला लावणाऱ्याला कोण सांगतं? मी पलंगाखाली वाकून म्हटलं, "उद्या लवकर ये. मला किल्ली सांभाळायला माणूस पाहिजे. माझे डोळे दुखतात."

रविवारी तो आला. कपाट उघडलं, पुडे काढले, टेबलावर चळती लावल्या, मोजले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, एक कमी आहे."

मी सतरंजी घालत होतो. ती घालतच राहिलो. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पुडा आणला आणि चळतीवर ठेवला. मग वही त्याच्यापुढे सरकवून म्हणालो, "लिही. तूट एक पुडा. भरली."

'तूट' त्यानं ऱ्हस्व लिहिली. मी दुरुस्त केली नाही.